मंडी हाउस, लॉ कॉलेज रोड की कलिना? अभिनयाला प्रवेश मिळाल्यानंतरची निवड

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मला असे दोन-तीन फोन येतात. चार वर्षं एकांकिका स्पर्धा गाजवलेली, नुकतीच पदवी झालेली मुलं-मुली. अभिनय शिकवणाऱ्या दोन संस्थांत निवड झालेली आणि फी भरायला आठवडा उरलेला. निकाल लागेपर्यंत ‘कुठेही मिळू दे’ म्हणणारं मूल आता दोन रात्री झोपलेलं नसतं. घरचे म्हणतात, मोठं नाव आहे तिकडे जा. ग्रुपमधले म्हणतात, मुंबई सोडलीस तर विसरून जातील. दोन्ही सल्ले मनापासूनचे असतात, पण त्यांत त्या मुलाच्या अभिनयाबद्दल काहीच नसतं.

मी आधी एकच विचारतो. तुला आजवर काय जमलेलं नाही? आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, पण शरीर लाकडासारखं राहतं? की रंगमंचावर मोकळा असतोस आणि कॅमेऱ्यासमोर डोळे कुठे ठेवायचे ते कळत नाही? उत्तर खरं दिलं तर अर्धी निवड तिथेच होते.

दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 साली संगीत नाटक अकादमीच्या छत्राखाली सुरू झालं आणि 1975 मध्ये स्वायत्त झालं. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ. सगळ्या देशातून निवडलेली जेमतेम तीसेक मुलं एका वर्गात. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं: योग, हालचाली, आवाज, संगीत, नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा, संस्कृत नाटकापासून आधुनिक पाश्चात्त्य नाटकापर्यंत. अभिनय की दिग्दर्शन-रचना, हे दुसऱ्या वर्षापासून ठरतं. ज्याला फक्त ‘रोल’ हवा असतो, त्याला सुतारकामाच्या खोलीत घालवलेले दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. मला तसं वाटत नाही. स्वतः फळ्या ठोकून उभ्या केलेल्या पायऱ्यांवरून नट वेगळा उतरतो, हे मी पाहिलंय.

दिल्लीतली खरी अडचण वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल प्रवेशाआधी फारसं कुणी बोलत नाही. तिथलं बहुतेक काम हिंदीत चालतं. बीड, कोल्हापूर किंवा रत्नागिरीच्या मुलाला हिंदी समजते, बोलताही येते. पण संतापायला, लाडीगोडी लावायला, खोटं बोलायला ती अंगात मुरलेली नसते. वाक्यातला जोर मराठी चालीनं पडतो, ‘च’ आणि ‘ज’ घसरतात, आणि गावी पहिलं बक्षीस घेतलेला नट पहिले सहा महिने गप्प होतो. काही जण याच टप्प्यावर खचतात. माझं मत मात्र असं की सहन करता आलं तर हीच तिथली सगळ्यात मोठी कमाई. स्पर्धेच्या रंगमंचावर आपण टाळीच्या जागा शिकलेलो असतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, हे हाताशी तयार असतं. परक्या भाषेत त्यातलं काहीच चालत नाही आणि नटाला पुन्हा मुळापासून ऐकायला शिकावं लागतं. रोहिणी हट्टंगडी, अतुल कुलकर्णी याच विद्यालयातून बाहेर पडले आणि पुढे कितीतरी भाषांत काम करत राहिले.

संध्याकाळी विद्यालयाजवळच्या मंडी हाउसच्या चौकात श्रीराम सेंटर, कमानी, त्रिवेणी ही नाट्यगृहं सगळी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. फाटका खिसा असला तरी नाटक पाहता येतं. विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावेतन मिळतं. शेतकरी घरातल्या किंवा एकट्या आईच्या कमाईवर चालणाऱ्या घरातल्या मुलासाठी ही गोष्ट बाकी सगळ्या मुद्द्यांपेक्षा वजनदार ठरू शकते, आणि ती तशी ठरवण्यात कमीपणा नाही.

एफटीआयआयचं, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाचं, गणित निराळं. पुण्यात लॉ कॉलेज रोडला, प्रभात स्टुडिओच्या जागेत, 1960 पासून ही संस्था आहे. अभिनयाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पडद्यासाठीचा. फी भरावी लागते. इथे तुम्ही दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन शिकणाऱ्या मुलांबरोबर राहता आणि त्यांच्या फिल्ममध्ये कामं करता. एकच शॉट सात वेळा देताना चहाचा कप दर वेळी त्याच शब्दावर कसा उचलायचा, मार्कवर, म्हणजे जमिनीवरच्या खुणेवर, न बघता तिथेच कसं थांबायचं, क्लोजअपमध्ये किती कमी पुरतं, हे करूनच कळतं. त्याहून मोलाचं म्हणजे संकलनाच्या टेबलावर स्वतःचा चेहरा पाहणं. नाटकवाल्याला आपण किती ‘करतो’ हे तिथे पहिल्यांदा दिसतं. शेजारीच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, सिनेमे पाहायला तोटा नाही.

पण ज्याने रंगमंचावर पुरेसं काम केलेलं नाही, त्याने थेट इथे यावं असं मी म्हणणार नाही. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी दोघेही आधी दिल्लीच्या विद्यालयात शिकले आणि मग पुण्याला आले. त्या क्रमात मला शहाणपण दिसतं. शरीर आणि आवाज आधी मोठे झाले, मग ते लहान चौकटीत बसवायला शिकले. आणखी एक: दोन वर्षांचा अभ्यासक्रम दोनच वर्षांत संपतोय ना, हे तिथे आत्ता शिकणाऱ्या मुलांना विचारा. जागेचं भाडं, घरचा हप्ता, लांबलेलं एक सत्र, सगळं हिशेबात येतं.

तिसरा पर्याय मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्सचा. कलिन्याच्या विद्यानगरीत 2003 साली वामन केंद्रे यांच्या नेतृत्वाखाली ही अकॅडमी सुरू झाली. दोन वर्षं, आणि हातात पदव्युत्तर पदवी. मराठीतून विचार करणाऱ्या मुलाला इथे भाषेचं ओझं नाही, शिवाय शिवाजी मंदिरपासून पृथ्वीपर्यंतची नाटकं लोकलच्या अंतरावर. वर्सोव्याच्या आरामनगरमधल्या मालिका-सिनेमांच्या ऑडिशनही तितक्याच जवळ, आणि धोका तिथेच आहे. पहिल्या वर्षाच्या मध्यात मालिकेतली भूमिका येते. बारा-तेरा तासांची शिफ्ट, ठाण्यात घोडबंदरला सेट, सकाळचा हालचालींचा तास बुडतो, मग तालमी बुडतात. पैशांची निकड असेल तर मालिका घ्या, मी नाही म्हणणार नाही. फक्त मग प्रवेशाची जागा अडवून ठेवू नका. ज्यांना ती दोन वर्षं फोन बंद ठेवून काढता येतील, त्यांना मुंबई फार देते.

पुढे शिकवायचं मनात असेल तर कागदाचा मुद्दा येतो. मुंबईची पदवी सरळ विद्यापीठाची आहे. दिल्लीचा डिप्लोमा भारतीय विश्वविद्यालय संघ एम. ए.च्या बरोबरीचा मानतो, त्यामुळे अध्यापन आणि पीएच. डी. या दोन्हींचा मार्ग बंद होत नाही. घरच्यांच्या ‘डिप्लोमाच ना?’ या प्रश्नाला हे उत्तर द्या.

बारावीनंतरच ज्यांना हे शिकायचंय, त्यांच्यासाठी पुण्यातलं सावित्रीबाई फुले विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. मुक्ता बर्वे तिथलीच. अंगणमंचावरच्या संध्याकाळच्या तालमी, बाजूला गाणं आणि नृत्य शिकणारी मुलं, हे वातावरण अठराव्या वर्षी मिळणं वेगळंच. तिथून पदवी घेऊन वरच्या तिन्हींपैकी कुठेही जाता येतं, म्हणून बारावीच्या मुलांना मी घाई करू नका असंच सांगतो.

मागच्या वर्षी सोलापूरच्या एका मुलीपुढे दिल्ली आणि मुंबई दोन्ही होतं. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं, पण रंगमंचावर हात कुठे ठेवायचे हे तिला कधीच सुचलं नव्हतं. तिला शरीरावर काम हवं होतं आणि त्याला दोन वर्षं पुरली नसती. तिला मी दिल्ली सांगितली. तोच फोन जर तीन वर्षं प्रायोगिक नाटकं केलेल्या, हालचालींत तयार मुलाचा असता, तर मी त्याला लॉ कॉलेज रोडला पाठवलं असतं.

फी भरण्याआधी वेळ काढून दोन्ही ठिकाणी जा. संध्याकाळी जा, तेव्हा तालमी चालू असतात. ऑफिसातल्या माणसापेक्षा दुसऱ्या वर्षातल्या मुलांना गाठा आणि नेमकं विचारा: गेल्या सहा महिन्यांत तू किती वेळा प्रेक्षकांसमोर उभा राहिलास? तुझं काम पाहून चूक दाखवणारी माणसं कोण होती, आणि ती पुन्हा आली का? मूळ कागदपत्रं जमा करण्याआधी ती परत कधी आणि कशी मिळतात तेही विचारून ठेवा, मायग्रेशन सर्टिफिकेटवाचून अडकलेली मुलं मी पाहिली आहेत.

आणि ठरलं की जी जागा सोडताय, तिथे त्याच दिवशी कळवा. तिकडे प्रतीक्षा यादीत कुणीतरी फोन हातात धरून बसलेलं असतं.