धाकट्याचा एजंट : दोन हंगामांचा हिशेब

माझा धाकटा भाऊ फुटबॉल खेळतो, लेफ्ट बॅक म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू. कोल्हापुरात पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळत वर आला आणि 2024 मध्ये आय-लीगमधल्या, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या दुसऱ्या पातळीच्या लीगमधल्या, एका क्लबशी त्याचा करार झाला. तो करार ज्यांनी करून दिला त्या एजंटांच्या कामाबद्दल लिहिते आहे, कारण शाहू स्टेडियमवर भेटणारे पालक मला सारखे हेच विचारतात, की एजंट घ्यावा का आणि तो किती घेतो. आमचे एजंट पुण्याचे, एकटेच काम करतात, आम्ही त्यांना सर म्हणतो. नाव देत नाही, पण पाचपैकी चार गुण नक्की देते.

आधी पैशाचं बोलू. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब बघते, त्यामुळे टक्केवारीची बोलणी मला नवीन नाहीत. माल विकला गेला की अडत, त्याआधी दमडीसुद्धा नाही. एजंटची फी अशीच असायला हवी, आणि यांची तशीच आहे. भावाचा पगार महिना 45 हजार, करार दहा महिन्यांचा, म्हणजे हंगामाचे साडेचार लाख. त्यावर 5 टक्के, म्हणजे साडेबावीस हजार, तेही पगार खात्यावर जमा झाल्यावर तीन-तीन महिन्यांनी. क्लबने दिलेली खोली, जेवण, प्रवास यावर काही नाही. जाहिरातीचा करार मिळवून दिला तर 20 टक्के असं लिहिलंय, पण तसं काही अजून आलेलं नाही. एका दुकानदाराने बुटांचे दोन जोड दिले, त्यावर सरांनी काहीच घेतलं नाही.

हा 5 टक्क्यांचा आकडा हवेतला नाही. फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, 2023 मध्ये एजंटांसाठी नवे नियम आणले. त्यात खेळाडूकडून घ्यायची फी वर्षाला 2 लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर जास्तीत जास्त 5 टक्के आणि त्यावरच्या रकमेवर 3 टक्के ठरवली होती. युरोपात एजंट कोर्टात गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फिफाने ही मर्यादा तात्पुरती थांबवली. तरी सरांनी आमच्याशी 5 वरच करार केला, हे मला मोठं वाटतं.

यांच्याआधी दुसरा एक जण घरी येऊन गेला होता. युरोपात ट्रायल लावतो, आधी दीड लाख भरा, म्हणाला. लायसन्स विचारलं तर विषय बदलला. फिफाचं लायसन्स असलेल्या एजंटांची यादी फिफाच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. परीक्षा देऊन ते मिळतं, 20 प्रश्न, पास व्हायला 75 टक्के, आणि वर वर्षाला 600 डॉलर फी. नाव यादीत नसेल तर चहा पाजून निरोप द्या.

आता काम. एजंट म्हटलं की लोकांना सचिन तेंडुलकर आणि त्याचे एजंट, वर्ल्डटेल कंपनीचे मार्क मस्कारेन्हस आठवतात, 1995 चा तो कोट्यवधींचा करार आठवतो. खालच्या पातळीवरचं काम फार वेगळं आहे. सरांनी सामन्यांचे व्हिडिओ कापून क्लबांना पाठवले, प्रशिक्षकांना फोन केले, आणि क्लबचा मसुदा आल्यावर तो घेऊन आमच्या घरी बसले. आई भाकऱ्या करत होती, हे जमिनीवर कागद पसरून लाल पेनाने खुणा करत होते. एका कलमात क्लबला वाटेल तेव्हा एक महिन्याच्या नोटिशीवर करार संपवता येणार होता, खेळाडूला मात्र नाही. ते काढायला लावलं. दुखापतीच्या कलमात फक्त 'सामन्यात' असं होतं, तिथे 'सामन्यात किंवा सरावात' करून घेतलं. पगार मात्र क्लबने पहिल्यांदा सांगितला होता त्यापेक्षा पाचच हजारांनी वाढला. मला तेव्हा ते कमी वाटलं होतं.

दुसऱ्या महिन्यातच सरावात भावाच्या घोट्याचं लिगामेंट दुखावलं. एमआरआय, फिजिओ, सगळा खर्च क्लब आधी आमच्यावर ढकलत होता. सरांनी त्या कलमाचा फोटो मॅनेजरला पाठवला आणि पैसे क्लबने भरले. त्या दोन शब्दांनी पाच हजारांच्या वाढीपेक्षा जास्त वाचवले.

पुढच्या हंगामात दोन महिन्यांचा पगार थकला. भाऊ बोलायला घाबरत होता, संघातून काढतील म्हणून. फिफाच्या नियमात अशा वेळी 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडूला करार मोडता येतो. सरांनी नोटीस तयार केली, आम्हाला शब्दन् शब्द समजावून सांगितली, आणि भावाची सही घेऊन पाठवली. मुदत संपायच्या आत दोन्ही पगार आले. करार मोडावा लागला नाही, प्रशिक्षकाशी संबंधही बिघडले नाहीत. फी कशासाठी देतो, ते मला त्या आठवड्यात नीट कळलं. पोराला स्वतःच्या मालकाशी भांडायला लागू नये म्हणून मधे कुणीतरी उभं राहावं लागतं.

एक गुण का कापला, तेही सांगते. ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंना क्लब बदलता येतो तो काळ, उघडली की सर फोन उचलत नाहीत. त्यांची अडचण समजते. आमच्याकडून मिळणाऱ्या साडेबावीस हजारांत लायसन्सची फी आणि पुणे-कोल्हापूर फेऱ्या वजा केल्या तर उरतं काय? घर चालवायला त्यांना असे बरेच खेळाडू लागतात, आणि खरी कमाई आयएसएल या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमधल्या दोघा-तिघांवर होते. पण 2025 च्या जुलैत आयएसएल बेमुदत लांबणीवर पडली, सगळीकडे अफवा सुटल्या, तेव्हा आमच्या पोराला रात्र-रात्र झोप नव्हती. दोन ओळींचा मेसेज पुरला असता.

दुसरी तक्रार तालमीची. सरांनी भावाला सुट्टीत तालमीकडून खेळायला मनाई केली. क्लबच्या परवानगीशिवाय खेळला आणि पाय मोडला तर खर्च कुणीच देणार नाही, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण ज्या पेठेने त्याला वर्गणी काढून बूट घेऊन दिले, त्या पेठेला हे फोनवरून कळवायचं नसतं. तालमीत येऊन, चार वडीलधाऱ्यांपुढे बसून सांगितलं असतं तर कुणी दुखावलं नसतं. कोल्हापुरातला पोरगा घेणाऱ्या प्रत्येक एजंटने हे ध्यानात ठेवावं. इथे पोरगा एकट्या घरचा नसतो.

एजंटशी करार एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांचाच करता येतो, असा फिफाचा नियम आहे. आमचा संपला, आणि पुन्हा त्यांच्याशीच केला, फी तीच. या वेळी मी एक ओळ वाढवून घेतली : विंडो उघडी असेपर्यंत दर रविवारी संध्याकाळी सर स्वतः फोन करतील, सांगण्यासारखं काही नसलं तरी. त्यांनी लगेच सही केली.