गार्डाच्या काठी जेवायचं कुठे: दक्षिण टोक की उत्तर टोक?

इटलीच्या सहलीत गार्डा सरोवरासाठी दोन-तीन रात्री राखून ठेवल्या आहेत, पण बुकिंग करताना नकाशा बघून डोकं चक्रावलंय, अशांसाठी हे लिहितोय. गावं डझनावारी आणि फोटोत सगळीच सुंदर. मी तरी आता निवड ताटावरून करतो. सरोवर साधारण 52 किलोमीटर लांब आहे, काठचे रस्ते अरुंद, उत्तरेकडे बोगद्यांमागून बोगदे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. रात्री जेवून बोटीने परतू म्हणाल तर आधी वेळापत्रक बघा. थोडक्यात, जिथे राहाल तिथेच जेवाल.

आणि दोन टोकांचं जेवण एक नाही. सरोवर तीन प्रांतांत विभागलंय: पश्चिम काठ लोंबार्दीत, पूर्व काठ व्हेनेतोत आणि उत्तरेचं टोक त्रेंतिनोत. हे उत्तर टोक 1918 पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आणि ते ताटात अजून दिसतं.

दक्षिणेची सोय मोठी आहे. देसेंझानो आणि पेस्किएरा ही दोन्ही स्टेशनं मिलान-व्हेनिस मार्गावर, त्यामुळे गाडी भाड्याने न घेता जाता येतं. बरोबर मुलं असतील तर गार्डालँड हे मनोरंजन उद्यान जवळ, आणि पिझ्झाची दुकानं पावलोपावली. सिर्मिओनेला मात्र जपून. किल्ल्याच्या पुलावरून जुन्या गावात शिरलं की पाच भाषांतली, फोटोंची मेन्यूकार्डं समोर येतात. आम्ही पहिल्या दिवशी अशाच एका ठिकाणी, अगदी पाण्याला लागून बसलो. सूर्यास्त अप्रतिम होता. पास्ता मात्र असा, की आईने दोन घास खाऊन ताटली माझ्याकडे सरकवली आणि पिशवीतला चिवडा काढला. वर बिलात माणशी कोपेर्तो. ही टेबलाची आकारणी बहुतेक ठिकाणी असते, साधारण 2-3 युरो. तो फसवणुकीचा प्रकार नाही, मेन्यूत लिहिलेली असते, आपण वाचत नाही एवढंच. दुसऱ्या दिवसापासून नियम केला: काठावर कॉफी, जेवण मागच्या गल्लीत.

मासे खाणाऱ्यांनी दक्षिणेलाच किंवा त्याला लागून असलेल्या पूर्व काठावर राहावं. लावारेल्लो हा सरोवरातला पांढरा मासा तव्यावर किंवा जाळीवर भाजून, वर इथलंच ऑलिव्ह तेल घालून देतात. चव अगदी सौम्य. आपल्या जिभेला मीठ-लिंबू जास्त लागेल. बिगोली म्हणजे जाडसर शेवयांसारखा पास्ता, तो ‘सार्डिन’बरोबर येतो. नाव सार्डिनचं असलं तरी मासा समुद्रातला नव्हे, सरोवरातला आगोने. खारट, तीव्र. सुकट आवडणाऱ्याला आवडेल, बाकीच्यांनी एकात दोघांनी चाखावा. मेन्यूत ‘इन कार्पियोने’ दिसलं तर ती माशाची जात समजू नका: तळून व्हिनेगर-कांद्यात मुरवायची ती पद्धत आहे. कार्पियोने नावाचा मासा खरंच आहे, फक्त याच सरोवरातला, पण तो आता नामशेष व्हायच्या बेतात आहे.

पेस्किएराहून दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर व्हालेज्जो सुल मिंचो लागतं. इथली तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरलेला पास्ता, रेशमाची गाठ मारावी तशी, पारी इतकी पातळ की आतलं सारण दिसावं. पारंपरिक सारण मांसाचं. रिकोटा (पनीरसारखं मऊ चीज) आणि पालकाचं किंवा लाल भोपळ्याचंही मिळतं. भोपळ्याचं गोडसर असतं, आईला पुरणाची आठवण झाली. एक दुपार यासाठी ठेवाच.

आता उत्तर. रिव्हा, तोर्बोले आणि जरा आत आर्को. इथे डोंगर थेट पाण्यात उतरतात आणि दुपारी दक्षिणेकडून ‘ओरा’ वारा सुटतो. शिडाच्या फळीवाल्यांची चंगळ, पण काठावरच्या टेबलावर नॅपकिन दाबून जेवावं लागतं. जेवण डोंगराळ: पोलेंता (मक्याच्या पिठाची घट्ट लापशी), मशरूम, घेवड्याच्या दाण्यांची उसळ, चीज. शाकाहारी माणसाला हे टोक जास्त मानवतं, असं माझं ठाम मत. स्त्रांगोलाप्रेती मागवा. शिळा पाव आणि पालक मळून केलेले बोटभर गोळे, वरून सेज या सुवासिक वनस्पतीची पानं टाकून तांबूस कढवलेलं लोणी. ताटली आली तशी आई म्हणाली, “अरे, हे तर मुटके!” आणि पहिल्यांदाच तिने ताटली पुसून खाल्ली. त्यात अंडं असतं, ते तिला चालतं. मात्र त्याच मेन्यूतली कार्ने सालादा म्हणजे मिठात-मसाल्यात मुरवलेलं गोमांस, हे ध्यानात असू द्या; उसळीबरोबर येते म्हणून गफलत होते.

मधल्या गावांचं थोडक्यात. पूर्वेला बर्दोलीनो वाइनसाठी. माल्चेझिनेहून रोपवेने मोंते बाल्दोवर गेलात तर वरच्या धाब्यावजा जागेत पोलेंता खा, पण शेवटच्या पाळण्याची वेळ आधी बघून. पश्चिमेला लिमोने आणि गार्न्यानोच्या लिंबाच्या जुन्या बागा बघण्यासारख्या. जेवणासाठी मुद्दाम जावं असं मला काही वाटलं नाही.

गाडी असेल तर मात्र काठ विसरून टेकडीवरच्या एखाद्या आग्रितुरिझ्मोत जा. शेतकऱ्याच्या घरचं जेवण: घरचं तेल, घरची भाजी, ठरलेली चार-पाच पदार्थांची पंगत. सरोवर लांबून दिसतं, पण पैसे दृश्याचे नाही, जेवणाचे जातात. फोन करून जावं लागतं, बरीचशी फक्त शनिवार-रविवारी उघडी असतात. फोनवरच शाकाहारी असल्याचं सांगा, आणि ‘मांस नको’ एवढ्यावर न थांबता ‘प्रोशुत्तोही नको’ म्हणा. नाहीतर सुरुवातीलाच हॅमच्या चकत्या समोर येतात.

कडक शाकाहारी असाल तर आणखी दोन-तीन गोष्टी. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं, सुक्यात नसतं. रिसोत्तो, म्हणजे मऊसर भात, भाजीचा असला तरी पाणी मांसाच्या रश्श्याचं असू शकतं, विचारून घ्या. पार्मिजानो आणि ग्राना चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात. हे चालत नसेल तर मरिनारा पिझ्झा घ्या, त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. चीज मुळातच नसतं, आणि मेन्यूत तो सहसा सगळ्यांत स्वस्तही असतो.

कुठल्याही टोकाला गेलात तरी घड्याळ त्यांचं. दुपारी अडीचच्या सुमारास स्वयंपाकघर बंद, ते संध्याकाळी सातला उघडतं. चारला भूक लागली तर बारमध्ये टोस्ट किंवा पियादिना (सारण घातलेली पातळ पोळी) मिळते, आणि कॉफी काउंटरवर उभ्यानं घेतली तर बऱ्याच ठिकाणी टेबलापेक्षा स्वस्त पडते. आठवड्याचा सुट्टीचा वार प्रत्येकाचा वेगळा, दारावर लिहिलेला असतो. नोव्हेंबर ते मार्चमध्ये जाणार असाल तर काठावरची बरीच हॉटेलं बंद असतात. तेव्हा देसेंझानोसारखं, बारमाही वस्तीचं गाव धरा.