ट्रान्सप्लांटच्या गोळ्यांसाठी फोंड्यातली आमची फार्मसी

मिस्टरांची किडनी बदलून चार वर्षं झाली, सासूबाईंनी दिली. तेव्हापासून सकाळी आठ आणि रात्री आठ ही टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीची वेळ, घरात चवथ (गणेश चतुर्थी) असो नाहीतर लग्न. गोळ्या आधी दुसऱ्या दुकानातून आणायचो, तिथे एकदा स्टॉक नव्हता तर भलतीच स्ट्रिप दिली, म्हणे तेच औषध आहे ओ. घरी येऊन बघते तर दिवसातून एकदाच घ्यायची, पोटात हळूहळू सुटणारी कॅप्सूल! आमची दोनदा घ्यायची. या औषधाची रक्तातली लेव्हल कमी झाली तर शरीर परकी किडनी ओळखून तिच्यावर तुटून पडतं आणि जास्त झाली तर हात थरथरतात, शुगर वाढते, शिवाय तेच औषध किडनीला मारक ठरतं. पोटात गोळाच आला माझ्या.

मग बस स्टँडकडच्या या फार्मसीत जायला लागलो. इथले फार्मसिस्टभाऊ प्रत्येक वेळी जुनी स्ट्रिप मागतात, कंपनी आणि एमजी जुळवून बघतात, आणि कंपनी बदलावी लागलीच तर सरळ सांगतात, वहिनी, आधी डॉक्टरांना विचारा, रक्तातली लेव्हल परत तपासावी लागेल.

गेल्या पावसात मिस्टरांना नायटा झाला, स्किनवाल्यांनी फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध लिहून दिलं. भाऊंनी चिठ्ठी वाचली आणि गोळ्या दिल्याच नाहीत, म्हणाले याने टॅक्रोलिमसची लेव्हल चढते, किडनीच्या डॉक्टरांना इथूनच फोन लावा. लावला, तर त्यांनी त्या गोळ्या बंद करून नुसतं लावायचं मलम दिलं. दुकानात गर्दी होती, मागचे लोक कुरकुरत होते, पण ते हलले नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. अंगदुखीला ब्रुफेन मागितली तरी देत नाहीत, आणि माटोळीचा (चवथीला गणपतीवर फळं टांगतात ती) पपनस यांना खायला देऊ नका हेसुद्धा त्यांनीच सांगितलं, त्यानेही लेव्हल वाढते. आम्ही दर चवथीला फोडी करून वाटायचो!

डिस्काउंट फार नाही, पार्किंगचे हाल आहेत, रविवारी दुपारी बंद. मायकोफेनोलेट (किडनी नाकारू नये म्हणूनचं दुसरं औषध) नेहमी असतं, पण व्हायरसवरचं व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर मागवावं लागतं, म्हणून स्ट्रिप संपायच्या आठ दिवस आधी सांगून ठेवा. आणि जाताना रिकामी स्ट्रिप पिशवीत टाका, फोटो चालत नाही त्यांना.