गोल्डफिशसाठी हिरवं पाणी की फिल्टरचं पाणी? कोल्हापुरात ठरवताना

गच्चीवर टब मावतो, ऊन भरपूर येतं, आणि हिरव्या पाण्यात गोल्डफिशचा रंग खुलतो असं कुणीतरी सांगितलंय. दुकानात गेलं की मात्र फिल्टर घ्या म्हणतात. या दोन्हींत अडकला असाल तर माझं मत आधीच सांगतो. पिल्लं वाढवायची असतील, लहान माशांना अंग आणि रंग धरायला लावायचं असेल आणि उघड्यावर जागा असेल, तर हिरवं पाणी घ्या. चार मोठे मासे हॉलमध्ये बघायला ठेवायचे असतील तर फिल्टर घ्या. आणि घर कोल्हापुरात असेल तर हिरव्या पाण्याची निवड करणाऱ्यानंही पावसाळ्यापुरता फिल्टर हाताशी ठेवावा.

कोणतं हिरवं चालतं

चांगलं हिरवं पाणी म्हणजे क्लोरेला, सेनेडेस्मस यांसारखं एकपेशीय शेवाळ पाण्यात सगळीकडे तरंगत असतं ते. ग्लासात घेऊन उजेडात धरलं तर एकसारखं पोपटी दिसतं, वास नसल्यात जमा असतो. काचेला चिकटणारा थर किंवा केसांसारखं लांब शेवाळ हे वेगळं. निळंहिरवं शेवाळ तर पूर्ण वेगळं: पाण्यावर रंग सांडल्यासारखी साय येते आणि कुबट वास सुटतो. त्याचे काही प्रकार विष तयार करतात. ते दिसलं तर पाणी फेकून टब घासून वाळवा.

म्हणूनच हिरवं पाणी तयार करायला बी म्हणून रंकाळा तलावाचं पाणी बाटलीत भरून आणू नका. तिथं वर्षानुवर्षं सांडपाणी मिसळत आलंय आणि निळ्याहिरव्या शेवाळाचा थरही शहरानं पाहिलाय. शिवाय कुठल्याही तळ्याच्या पाण्यासोबत माशांच्या उवा आणि अँकर वर्म असे परजीवी घरी येऊ शकतात.

घाण कोण साफ करतं

गोल्डफिश खातो खूप आणि तितकीच घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. दोन्ही पद्धतींचं मूळ काम हा अमोनिया हटवणं हेच आहे.

फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जीवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्या काळात घाई करून मासे भरले तर ते दगावतात. नायट्रेट उरतंच, ते दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलून काढावं लागतं. हिरव्या पाण्यात शेवाळ अमोनिया आणि नायट्रेट थेट खतासारखं शोषून घेतं आणि त्यावरच वाढतं. कागदावर हे जास्त सोपं वाटतं. पण शेवाळ हे काम उजेडात करतं, जीवाणू अंधारातही करतात. पुढचे बहुतेक फरक या एका गोष्टीतून निघतात.

दिवस आणि रात्र

दुपारी हिरव्या टबात ऑक्सिजन ओसंडून असतो. सूर्य मावळला की तेच शेवाळ माशांबरोबर श्वास घेऊ लागतं, आणि पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी होतो. सकाळी सहाला मासे वर येऊन तोंडानं हवा ओढताना दिसले तर पाणी फार दाट झालंय किंवा मासे फार झालेत. गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो: 20 अंशांना लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणून हिरव्या टबात फिल्टर नसला तरी रात्री एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा दगड) चालू हवाच. ‘हिरवं पाणी म्हणजे विजेशिवाय’ असं कुणी सांगत असेल तर ते मोठ्या हौदात मोजके मासे असले तरच खरं आहे.

दुसरी गोष्ट लोक सहसा तपासतच नाहीत. शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) चढतो. दाट पाण्यात तो 9 च्या वरही जातो. अमोनियाचा विषारी भाग पीएचवर ठरतो. 25 अंशांना पीएच 7 असताना तो एक टक्क्याहून कमी असतो, 8 ला पाच टक्क्यांच्या आसपास आणि 9 ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. म्हणजे सकाळी निर्धोक असलेला तेवढाच अमोनिया संध्याकाळी माशांना जाळू शकतो. पीएचचं थेंबांचं किट घ्या आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा बघा. फिल्टरच्या टाकीत ही चढउतार फारशी नसते, आणि नवख्या माणसासाठी हा तिचा सगळ्यात मोठा फायदा मी मानतो.

वीज गेली तर? फिल्टर बंद पडून काही तास गेले की जीवाणूंना ऑक्सिजन मिळेनासा होतो. हिरव्या टबाला दिवसा वीज गेल्यानं काही होत नाही, रात्री गेली तर धोका आहे. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप दोघांनाही उपयोगी पडतो.

कोल्हापूरचं हवामान

जपानमध्ये रांचू जातीचे गोल्डफिश पाळणारे हौशी लोक उथळ हौदात हिरवं पाणी राखतात, आणि त्याचं एक मोठं कारण तिथला हिवाळा आहे. मासे थंडीत खाणं सोडून महिनोन्‌महिने शांत पडून राहतात, त्या काळात हे पाणी त्यांना सांभाळतं. आपल्याकडे जानेवारीत पारा साधारण चौदा-पंधरापर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा तिशीकडे जातो. आपले मासे हिवाळाभर खातात. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून डिसेंबरात खाणं बंद करू नका.

आपली अडचण एप्रिल-मे आणि जुलै-ऑगस्टची. गोल्डफिशला 18 ते 24 अंश मानवतं. उन्हाळ्यात पत्र्याजवळ किंवा उघड्या स्लॅबवर ठेवलेल्या टबाचं पाणी 30 च्या खूप वर जातं, आणि गडद हिरवं पाणी उष्णता जास्त धरतं. सकाळचं ऊन द्या, अकरानंतर शेडनेट ओढा, टबाभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. जुन्या पेठांतल्या वाड्यांचे चौक यासाठी फार छान: सकाळी ऊन, दुपारी भिंतीची सावली. रुंद आणि उथळ टब खोल पिंपापेक्षा कधीही बरा.

पावसाळ्यात आठवडाच्या आठवडा ऊन पडत नाही, तेव्हा शेवाळ उपाशी मरतं. त्यात टबात पाऊस कोसळला तर पाणी पातळ होतं, तापमान झपकन उतरतं, टब भरून वाहिला तर मासे बाहेर जातात. ताडपत्री घातली तर उरलासुरला उजेडही जातो. मेलेलं शेवाळ तळाशी कुजू लागलं की अमोनिया वाढतो आणि ऑक्सिजन संपतो, म्हणजे एकाच वेळी दोन संकटं. याची खूण आधी दिसते: पोपटी पाणी पिवळट-तपकिरी होतं, वरचा थर निवळतो, तळाशी गाळ साठतो, वास येतो. तसं दिसलं की त्याच दिवशी मासे स्वच्छ, क्लोरीन काढलेल्या पाण्यात हलवा, उद्यावर टाकू नका. माझ्या मते आर्द्रा लागण्याआधीच मासे फिल्टरच्या टाकीत आणलेले बरे, आणि ती टाकी मेच्या सुरुवातीपासून चालू ठेवावी, म्हणजे जीवाणू तयार असतात.

मासे दिसणं आणि न दिसणं

हिरव्या पाण्यात मासे नीट दिसत नाहीत. खंड्या आणि कावळ्यालाही दिसत नाहीत, हा गच्चीवर फायदाच. पण तुम्हालाही पांढरे ठिपके, उवा, शेपटीची कुज उशिरा कळते. ओरांडासारखे डोक्यावर मऊ वाढ असलेले महागडे मासे म्हणूनच मी स्वच्छ पाण्यात ठेवायला सांगेन. हिरव्या टबात औषधही घालता येत नाही: तांब्याची औषधं शेवाळ मारतात, आणि पोटॅशियम परमँगनेट त्या शेवाळावरच खर्ची पडतं. आजारी मासा वेगळ्या टबात काढूनच उपचार करायचे.

रंगाबद्दल ऐकता ते बरंचसं खरं आहे. लाल-केशरी रंगाची कॅरोटिनॉइड्स मासा स्वतः बनवू शकत नाही, ती खाण्यातून यावी लागतात, आणि शेवाळात ती असतात. त्यात सूर्यप्रकाशाची भर पडते. फिल्टरच्या टाकीत स्पिरुलिना नावाचं शेवाळ असलेलं खाद्य देऊन हे काही अंशी साधतं. पण मोठा मासा निव्वळ हिरव्या पाण्यावर जगत नाही, खाद्य द्यावंच लागतं.

पिल्लांच्या बाबतीत मात्र हिरव्या पाण्याला तोड नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत खाऊ लागतं, आणि त्याच्या तोंडात मावणारे सूक्ष्मजीव या पाण्यात चोवीस तास असतात. फिल्टरच्या टाकीत तुम्हाला दिवसातून अनेकदा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) उबवून द्यावा लागेल, शिवाय फिल्टर पिल्लं ओढतो ते वेगळंच. टबावर बारीक जाळी घाला, नाहीतर चतुराच्या अळ्या पिल्लं फस्त करतात.

हिरवं करायचं आणि राखायचं

टाकीतून बदललेलं जुनं पाणी फिकट रंगाच्या टबात भरा, पाच-सहा तास ऊन द्या, हवेचे बुडबुडे हळू ठेवा. एक-दोन आठवड्यांत रंग धरतो, कुणाकडचं निरोगी हिरवं पाणी तांब्याभर मिळालं तर लवकर. या टबात मासे नसतील तर मच्छरदाणीचं कापड बांधा, डेंग्यूचे डास अशाच पाण्यात अंडी घालतात. डॅफ्निया (पाण्यातला पिसवेएवढा जीव) शिरू देऊ नका, तो काही दिवसांत सगळं शेवाळ खाऊन पाणी नितळ करतो. घरी शेती असेल तर चिमूटभर युरिया टाकावासा वाटेल. मत्स्यतळ्यात शेण आणि खत घालतात हे खरं, पण मासे असलेल्या टबात कधीच नको, युरियाचा अमोनियाच होतो.

हात कोपरापर्यंत बुडवून बघा. तळवा पुसट दिसला तर ठीक. मनगट बुडतानाच बोटं दिसेनाशी झाली तर तिसरा हिस्सा काढून ताजं पाणी भरा आणि तळाचा गाळ नळीनं ओढा. पूर्ण पाणी बदलायचं झालं तरी विरजणासारखं थोडं जुनं राखून ठेवा. महापालिकेच्या नळाचं पाणी दोन्ही पद्धतींत क्लोरीन काढूनच वापरायचं: दिवसभर उघडं ठेवा किंवा हायपोचे खडे घाला. बोअरचं जड पाणी गोल्डफिशला चालतं, आधी तासभर बुडबुडे सोडा.

मग काय घ्यावं

फ्लॅटमध्ये बाल्कनीला दोन तासच ऊन येत असेल तर हिरव्या पाण्याचा विचार सोडा. स्पंज फिल्टर आणि एका माशामागे निदान 40 लिटर पाणी, एवढ्यात उत्तम निभावतं. कामानिमित्त चार-चार दिवस बाहेर असाल तरीही फिल्टर, कारण हिरवा टब रोज पहाटे बघावा लागतो. गच्ची किंवा चौक आहे, घरात लवकर उठणारं कुणी आहे आणि पिल्लांची हौस आहे, तर हिरवं पाणी जरूर करा.

माझी स्वतःची पसंती दोन्हींच्या मधली आहे: मोठे मासे घरात फिल्टरवर, वर गच्चीवर एक हिरवा टब लहान माशांसाठी. घरातल्या टाकीचं बदललेलं पाणी वरच्या टबाला खत म्हणून जातं. पहिल्यांदा करणार असाल तर पावसात सुरू करू नका. नवरात्र उलटलं की ऊन स्थिर होतं आणि उकाडाही सोसवेल इतकाच असतो. तेव्हा टब भरलात तर मार्चपर्यंत निवांत वेळ मिळतो.