सायलेन्सरमधून निघालेला पांढरा धूर म्हणजे कार्बन नव्हे

गाडी उभी असताना थरथरते, आरपीएमचा काटा खालीवर होतो, मध्येच बंद पडेल असं वाटतं, पण चालवायला लागलं की सगळं ठीक. अशी तक्रार घेऊन गेल्यावर कुणी इंजिनमधल्या दोषाचे कोड वाचणारा स्कॅनरही न लावता "फ्युएल सिस्टीम क्लीनिंग करून घ्या" म्हणालं, तर आधी हे वाचा.

मी नेहमीचं गॅरेज सोडून एका चकचकीत सर्व्हिस सेंटरला गेलो होतो. इंजिन लाइट लागलेला होता. तिथल्या माणसाने बोनेट उघडून कान दिला आणि निदान करून टाकलं: इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) चोक, व्हॉल्व्हवर कार्बन. मग पॅकेज. टाकीत क्लीनरची एक बाटली, इनटेकमधून (इंजिनात हवा जाते त्या वाटेने) फवारा आणि थ्रॉटल बॉडीची, म्हणजे हवेच्या झडपेची, सफाई. फवारा चालू असताना मला मुद्दाम मागे बोलावलं. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघत होते. "बघा साहेब, किती कार्बन निघतोय!"

हाच खरा खेळ. तो धूर बहुतांशी त्यांनीच आत सोडलेल्या द्रवाचा असतो. इनटेकमध्ये क्लीनर फवारला की त्याचा बराचसा भाग अर्धवट जळून बाहेर पडतो. तुमची गाडी आतून अगदी स्वच्छ असली तरी धूर येणारच. गिऱ्हाइकाला मात्र डोळ्यांनी पाहिल्याचं समाधान मिळतं, आणि बिलावर वाद घालायला तोंड उरत नाही.

गाडी हातात आली तेव्हा लाइट बंद होता, इंजिनही बरंच शांत वाटत होतं. कारण साधं आहे. कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली की लाइट जातो, इसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, शिकलेले आकडेही पुसले जातात. दोष पुन्हा पकडायला त्याला थोडं चालणं लागतं. त्यात थ्रॉटल खरंच पुसलेलं असेल तर थोडा फरकही जाणवतो. थोड्याच दिवसांत थरथर परत आली, लाइटही. पुन्हा गेलो तर उत्तर तयार: "कार्बन जुना आहे, दुसरा डोस लागेल. नाहीतर चारही इंजेक्टर बदला."

तिथून निघालो तो जुन्या मेकॅनिककडेच. त्याने पहिल्यांदा स्कॅनर लावला. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी. मग फ्युएल ट्रिम पाहिलं, म्हणजे इसीयू पेट्रोल नेहमीपेक्षा किती टक्के कमी-जास्त देतोय तो आकडा. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) इसीयू वीस टक्क्यांच्या वर जादा पेट्रोल देत होता, आणि आरपीएम २५०० वर नेला की आकडा शून्याजवळ येत होता. इंजेक्टर चोक असते तर वेग वाढवल्यावर आकडा असा खाली आला नसता. कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरत होती. आयडलला इंजिन एकूण हवाच थोडी घेतं, म्हणून तेवढीशी गळतीही तिथे जाणवते. गळती शोधायला इनटेकमध्ये धूर सोडणारं स्मोक मशीन लावल्यावर पीसीव्हीच्या नळीच्या (इंजिनातले वायू परत इनटेककडे नेणाऱ्या) वळणावरून धूर आला. रबर तडकलं होतं. नळी बदलली, काम संपलं. इंजेक्टरला हातही लावला नाही.

त्या पॅकेजमधली एक गोष्ट तर सरळ खोटी होती. माझं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं आहे. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला लागतच नाही. तरी बिलावर टाकीतल्या बाटलीपुढे "व्हॉल्व्ह क्लीनिंग" लिहिलं होतं! (पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत, जिथे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, चांगल्या डिटर्जंटची बाटली थोडाफार उपयोग करते, ते मी नाकारत नाही.)

बिल घेऊन मी आधीचे आणि नंतरचे रीडिंग मागितले. नव्हतेच. पैसे परत मिळाले नाहीत, पुढच्या सर्व्हिसला सूट देऊ म्हणाले.

तुमच्यावर ही वेळ आली तर काम सुरू होण्याआधीच कोड आणि ट्रिमचे आकडे जॉबकार्डवर लिहून घ्या, किंवा स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढा. एकाच सिलिंडरचा मिसफायर कोड (म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही) असेल, समजा दुसऱ्या सिलिंडरचा पी०३०२, तर त्याची ठिणगी देणारी इग्निशन कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावून बघायला सांगा. कोड तिकडे सरकला तर दोष कॉइलचा, सफाईचा प्रश्नच मिटला. आणि इंजेक्टर चोक आहेत असंच म्हणत असतील तर ते काढून टेस्ट बेंचवर लावू द्या. चारही इंजेक्टरमधून किती पेट्रोल पडतं, फवारा कसा पडतो, हे तिथे समोर दिसतं आणि मोजता येतं. ते काम महाग आहे, वेळखाऊही आहे. म्हणूनच बाटली पुढे केली जाते.