कूपर्टिनोचं डी अँझा कॉलेज: लिबरल आर्ट्स घ्यावं का?

डी अँझा हे कॅलिफोर्नियातलं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज; इथून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर होता येतं. आधी पैशांचं बोलू. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला इथे एका क्वार्टर युनिटचे (क्वार्टर म्हणजे सत्र, युनिट म्हणजे कोर्सचे श्रेयांक) ३१ डॉलर पडतात. असोसिएट, म्हणजे दोन वर्षांच्या, पदवीला ९० युनिट लागतात, म्हणजे फी झाली २,७९० डॉलर. दर क्वार्टरची किरकोळ शुल्कं आणि पुस्तकं वेगळी. प्रवेशाला एसएटी लागत नाही. वसतिगृह नाही, त्यामुळे सनीव्हेल किंवा सॅन होजेत घर असलेल्यांनाच हा हिशेब खरा लागू पडतो.

या पैशांत जे मिळतं ते भरघोस आहे. इतिहास, कला, मानववंशशास्त्र, लेखन असं सगळं दोन वर्षांत चाखून मग मेजर (मुख्य विषय) ठरवता येतं. कॅम्पसवरच्या जुन्या ल पेटी ट्रायनॉन वास्तूत कॅलिफोर्निया हिस्टरी सेंटर आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिथे जायलाच हवं.

खरी मेख पुढे आहे. लिबरल आर्ट्सची पदवी मिळाली म्हणजे यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) तिसऱ्या वर्षाची जागा पक्की झाली, असं होत नाही. यूसीत ट्रान्सफर होताना मेजरसाठी मागितलेले विषय झालेत का, ते बघितलं जातं. नेहमी घडणारी गोष्ट घ्या: गणिताची अट भागते म्हणून मूल स्टॅटिस्टिक्स घेतं, दुसऱ्या वर्षी इकॉनॉमिक्स आवडायला लागतं आणि कळतं की तिथे कॅल्क्युलस हवं. तोवर क्वार्टर हातातून गेलेले असतात. म्हणून पहिल्याच क्वार्टरमध्ये असिस्ट डॉट ओआरजीवर (कॉलेजचे कोणते विषय विद्यापीठात धरले जातात ते दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) डी अँझा आणि तीन-चार यूसी कॅम्पस निवडून मनातल्या दोन मेजरच्या याद्या शेजारी ठेवा. दोन्हींत येणारे विषय आधी उरका.

सामान्य विषयांसाठी २०२५च्या फॉलपासून कॅल-जीईटीसी हा साचा, म्हणजे ट्रान्सफरसाठी मान्य विषयांची यादी, आहे: ११ कोर्स, प्रत्येकात किमान सी ग्रेड. सी-मायनस चालत नाही. मागे राहतात ते बहुधा भाषणकला, प्रयोगशाळेचा विज्ञान विषय आणि एथ्निक स्टडीज (वांशिक समूहांचा अभ्यास). कोर्स पूर्ण झाल्यावर सर्टिफिकेशनचा (साचा पूर्ण झाल्याच्या दाखल्याचा) अर्ज आपण करायचा असतो; तो राहिला तर ट्रान्सफरनंतर तेच विषय पुन्हा गळ्यात पडू शकतात. भारतातल्या बीएचे पेपरही या साच्यात बसत नाहीत, हे इथे नव्याने शिकू पाहणाऱ्यांनी आधीच धरून चालावं.

वेग हा दुसरा प्रश्न. क्वार्टर परीक्षेसकट १२ आठवड्यांचा असतो. पाच युनिटच्या इंग्रजी लेखनाला आठवड्याला पाच तास वर्ग आणि घरी साधारण दहा तास वाचन-लेखन धरा. असे तीन कोर्स पुरे. चौथा घेतला की चौथ्या-पाचव्या आठवड्यात मिडटर्म आणि निबंध एकदम अंगावर येतात. कोर्स झेपणार नाही असं वाटलं तर पहिल्या दोन आठवड्यांतच सोडा, नंतर ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) डब्ल्यू, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद, लागतो.

टॅग, म्हणजे प्रवेशाची हमी, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या यूसी कॅम्पसवरच मिळते, तीही एकाच कॅम्पसची. काही मेजर त्यातून वगळलेले असतात. बर्कली आणि यूसीएलए टॅग देत नाहीत. अर्ज १ ते ३० सप्टेंबर, आणि तोवर ४५ ट्रान्सफरेबल क्वार्टर युनिट पूर्ण हवीत. पहिलं वर्ष रेंगाळलं की ही दारं बंद होतात.

एच-४वर (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्या मुलांना रहिवाशाची फी मिळू शकते, फेडरल (केंद्र सरकारची) शिक्षणमदत मात्र नाही. वयाची २१ पूर्ण झाल्यावर एच-४ संपून एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागला तर दर क्वार्टरला किमान १२ युनिट बंधनकारक होतात आणि फी सहसा कितीतरी पटींनी वाढते. वाढदिवस जवळ असेल तर कोर्सची आखणी त्या तारखेपासून उलट मोजत करा.