हेडरसाठी एमएस की ३०४?

हेडर, म्हणजे सिलिंडरांमधला धूर बाहेर नेणारा पाइपांचा जुडगा, बनवून घ्यायचा तर गाडी शेवटी दोनच धातूंपाशी येऊन थांबते: एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद), नाहीतर ३०४ स्टेनलेस. टायटॅनियम वजन वाचवतं, इन्कोनेल हा निकेलचा मिश्रधातू टर्बोच्या अलीकडची भयंकर उष्णता सोसतं. पण रोजच्या गाडीला या दोन्हींची गरज मला तरी दिसत नाही.

मी आधी ३०४ घेतला. दिसायला देखणाच. पहिल्या तापात सोनेरी, मग निळसर जांभळा रंग चढतो. गंजाचं नाव नाही. वर्षभर काही तक्रार नव्हती. मग एका सकाळी गाडी सुरू केली आणि इंजिनातून टिक-टिक-टिक. पाच मिनिटांत इंजिन तापलं, आवाज गेला. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) वाजत असेल म्हणून त्याचा क्लिअरन्स, म्हणजे मधली फट, तपासला, तो बरोबर निघाला. शेवटी तिसऱ्या सिलिंडरच्या पाइपवर, फ्लँजच्या (इंजिनाला बोल्टांनी जोडायच्या जाड पट्टीच्या) वेल्डला लागून, केसाएवढी चीर सापडली. भोवती काजळी धरली होती. धातू तापून फुगला की चीर मिटायची, थंड झाला की उघडायची.

वेल्ड करून घेतलं. काही महिन्यांत त्या वेल्डच्या शेजारीच नवी चीर! रोज सकाळी तो आवाज ऐकायचा आणि मनात हिशोब करायचा, आता किती वाढली असेल. माझा निर्णय खरं तर तिथेच झाला.

कारण साधं आहे. एक मीटर पाइप १०० अंशांनी तापला तर एमएस साधारण १.२ मिलिमीटर वाढतं, ३०४ साधारण १.७. हेडर कित्येक शे अंश तापतो. एका टोकाला फ्लँज बोल्टांनी जखडलेली, दुसऱ्या टोकाला कलेक्टर, म्हणजे सगळे पाइप एकत्र येतात तो भाग. सगळा ताण वेल्डच्या कडेवर येतो. शिवाय ३०४ वेल्ड करताना पाइपाच्या आतही आर्गॉन वायू भरावा लागतो. ते टाळलं तर आतली बाजू काळी, दाणेदार होते आणि पुढची चीर बहुधा तिथूनच सुरू होते. एमएसला ही कटकट नाही, कुठलाही बरा वेल्डर करून देतो.

एमएसचा शत्रू गंज, हे मान्यच. साधा रंग जळून जातो. सिरॅमिक कोटिंग आतून-बाहेरून करून घ्या आणि त्यावर हीट रॅप (उष्णता रोखणारी पट्टी) गुंडाळू नका. तो ओल धरून ठेवतो. गाडी फक्त जवळच्या फेऱ्यांना वापरत असाल, तर पाइपात पाणी साचून आतून गंज धरतो. मग स्टेनलेसचा विचार जरूर करा. पण जाड पाइपाचा, कलेक्टरला स्लिप जॉइंट (एकात एक सरकणारा सांधा) असलेला आणि सायलेन्सरचा भार स्वतंत्र ब्रॅकेटवर घेणारा. माझ्या हेडरला यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे सगळा दोष धातूचा म्हणणार नाही. जमलं तर ३०४ ऐवजी ३२१ स्टेनलेस बघा. त्यातलं टायटॅनियम कार्बनला बांधून ठेवतं, त्यामुळे उष्णतेत वेल्डजवळचं, गंज रोखणारं क्रोमियम कमी होत नाही.

माझ्या गाडीला आज एमएसचाच हेडर आहे. चौथं वर्ष चालू आहे, सकाळी टिक-टिक नाही. तुम्हीही एमएस घेतलात, तर कोटिंगला देण्याआधी तो गाडीवर बसवून स्टिअरिंगच्या रॉडला, स्टार्टरला कुठे घासतोय का ते पाहून घ्या. नंतर वेल्ड करायची वेळ आली, तर तेवढं कोटिंग घासून काढावं लागतं.